वहीतली कोरी दोन वर्षं

(२८ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला, ‘माझा छंद’. मला हसूच आलं. नववीत याच विषयावर निबंध लिहिला होता. मी आकाशदर्शनावर चार पानं भरली होती आणि मराठीच्या बाईंनी खाली लाल शाईत शेरा दिला होता, ‘माहिती भरपूर, स्वतःबद्दल काहीच नाही.’ बाई, तुम्ही आज दुसऱ्या रांगेत बसला आहात. तुमचा शेरा मनावर घ्यायला मला तीस वर्षं लागली. आज मी स्वतःबद्दल बोलणार आहे. माहिती कमी पडली तर सांभाळून घ्या.

आधी एक कबुली. २०२२ साली आपल्या बॅचचं पंचविसाव्या वर्षाचं संमेलन झालं, त्याला मी आले नाही. ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘कंपनीत रिलीज आहे, सुट्टी मिळत नाही.’ रिलीज नव्हता. सुट्टी होती. त्याआधीही दोन-अडीच वर्षं मी कोणाचे फोन घेत नव्हते, वाढदिवसाच्या शुभेच्छांना उत्तर देत नव्हते. ‘ती आता मोठी झाली, आपल्याला कशाला ओळख देईल,’ असं तुमच्यापैकी काही जण म्हणाले, ते माझ्यापर्यंत पोचलं. तुमचं चुकलं नाही. बाहेरून तसंच दिसत असणार. आतून काय होतं, ते सांगते.

पण सुरुवात जिथून झाली तिथून करू. आपल्याला भूगोल शिकवणारे सर समोर बसले आहेत. २४ ऑक्टोबर १९९५ चं सूर्यग्रहण तुम्हाला आठवत असेल. आपण नववीत होतो, दिवाळीची सुट्टी होती. निम्मं गाव दारं-खिडक्या लावून दूरदर्शनवर राजस्थानातलं खग्रास ग्रहण बघत होतं. आणि सरांनी आपल्यापैकी आठ-दहा जणांना घरी बोलावून ओसरीत उभं केलं होतं. अंगणात एक आरसा, त्यावर काळा कागद चिकटवलेला, कागदाला मधोमध छोटं भोक. त्या भोकातून उडालेला उजेड आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पडला होता, आणि भिंतीवर चक्क सूर्य होता. वाटीएवढा, आणि एका बाजूने कुरतडलेला. सरांच्या आईंनी आत येऊन विचारलं, “पोरांनो, ग्रहणात खाताय काय?” कारण आम्ही सगळे तोंडात चकल्या घेऊन बघत होतो.

मग १९९७. दहावीचे पेपर संपले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर आपल्याला संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर घेऊन गेले. वाईला तेव्हा इतके दिवे नव्हते. वायव्येला डोंगराच्या कडेवर हेल-बॉप धूमकेतू होता. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, पांढुरकी रुंद शेपटी वर उडालेली. तो पुन्हा यायला सुमारे अडीच हजार वर्षं लागतील, असं सर म्हणाले. तेव्हा आपल्यातला एक जण (नाव सांगत नाही, तो आज व्यासपीठावर आहे) म्हणाला होता, “मग सर, आज नीट बघून घेऊ, परत सुट्टी मिळेल न मिळेल.”

त्या रात्री सरांनी मला एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, “तारीख, वेळ आणि काय दिसलं, एवढंच लिही. कसं वाटलं ते लिहू नकोस. जे दिसलं ते लिही.” ती वही मी लिहीत राहिले. पहिली संपली, दुसरी संपली. पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तिथे आमच्यासारखीच वेडी माणसं भेटली आणि त्यांच्या नादाने मी स्वतःची दुर्बीण केली. सहा इंची आरसा विकत मिळतो, पण आम्ही तो घासून करायचो. काचेच्या दोन जाड चकत्या, एक खाली, एक वर, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. रोज तास-दोन तास घासायचं, दर थोड्या वेळाने चकती फिरवायची, आपणही तिच्याभोवती फिरायचं. वरच्या चकतीवर उभ्या फटक्यांनी हळूहळू खळगा पडतो. शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. मला साडेचार महिने लागले. होस्टेलच्या मुलींना वाटायचं, ही रोज रात्री मसाला वाटते.

त्या दुर्बिणीतून शनीची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी वहीत लिहिलं, ‘शनी. कडी स्पष्ट.’ सरांनी सांगितलं होतं ना, कसं वाटलं ते लिहायचं नाही.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, दोन वर्षं परदेशात काढली. दुर्बीण बरोबर राहिली. मधे एक गोष्ट घडली, ती मला उशिरा कळली. शार्ल मेसिए नावाच्या फ्रेंच खगोलविदाने आकाशातल्या अंधुक ढगांची आणि तारकागुच्छांची यादी केली होती, आज त्या यादीत ११० वस्तू धरतात. त्या सगळ्या बघायच्या, असं मी ठरवलं. मग त्याची एक्सेल शीट झाली. मग शीटला टार्गेट आलं, महिन्याला तीन. ऑफिसातलं सगळं जसं चालतं तसंच गच्चीवर चालायला लागलं. एखादी रात्र ढगात गेली की मी सोमवारी ‘बॅकलॉग’ मोजायचे. त्र्याऐंशी झाले होते. पुढचं दुखणं यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण दुखणं आलं तेव्हा माझ्याकडे विसावा म्हणून जी एक जागा होती, तिचंही मी ऑफिस करून ठेवलं होतं, एवढं खरं.

माझ्या तिसऱ्या वहीतली एक नोंद २६ नोव्हेंबर २०१९ ची आहे, अमावास्येची. त्याच्या खालच्याच ओळीत पुढची नोंद आहे, ३ फेब्रुवारी २०२२. मधे एक ओळसुद्धा सोडलेली नाही. सव्वादोन वर्षं त्या दोन ओळींच्या मधे आहेत.

आता सगळे विचारतात, झालं काय होतं? काहीच झालं नव्हतं. हीच तर अडचण होती. घरात कोणी आजारी नव्हतं, नोकरी जाणार नव्हती, नवरा समजूतदार, मुलगी गुणी. २६ डिसेंबर २०१९ ला कंकणाकृती सूर्यग्रहण होतं, कण्णूरहून दिसणार होतं. आमची रेल्वेची तिकिटं सहा महिने आधी काढली होती… चुकलं, चार महिने. त्याआधी रेल्वे तेव्हा देत नसे. तर ती तिकिटं मी रद्द केली. नवऱ्याला म्हणाले, रजा नामंजूर झाली. रजा मंजूर होती. मला फक्त बॅग भरायची नव्हती. म्हणजे आळस नव्हे. बॅग भरायची या विचारानेच छातीवर कोणी पाट्याचा वरवंटा ठेवल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी सकाळी पुण्यात खंडग्रास दिसत होतं. मी ऑफिसच्या पार्किंगमधून चालत होते. तिथे झाडं आहेत. ग्रहण असलं की पानांच्या फटीतून जमिनीवर पडणारा प्रत्येक कवडसा सूर्याचाच आकार घेतो, म्हणजे त्या दिवशी सगळ्या फरशीवर शेकडो चंद्रकोरी सांडल्या होत्या. सरांचा आरसाच, फक्त शेकडो भोकांचा. चार पोरं मोबाईलवर त्याचे फोटो काढत होती. मी त्यावरून चालत गेले, लिफ्टचं बटण दाबलं आणि जागेवर जाऊन बसले. मला कळलं होतं की हे काय आहे. वाटलं मात्र काही नाही.

लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे खूप दुःख. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. दुःख झालं असतं तर बरं, असं वाटायचं. सगळं सपाट होतं. जेवण चवीचं नव्हतं, गाणं ऐकू यायचं पण पोचायचं नाही. आणि झोप. रात्री दहाला डोळे मिटायचे आणि साडेतीनला टक्क उघडायचे. आकाश बघणाऱ्यासाठी साडेतीन ही सोन्यासारखी वेळ. शहर झोपलेलं, हवा स्थिर. वीस वर्षं मी त्या वेळेचा गजर लावून उठायचे. आता गजराशिवाय रोज जाग होती. गच्ची दोन मजले वर. आणि मी पाच वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचे. दोन मजले मला चढवत नव्हते.

मग कोविड आला. तेव्हा सगळेच घरात होते, म्हणून माझं घरात बसणं कोणाच्या डोळ्यात आलं नाही. काम मी करत होते. आमच्या धंद्यात कॅमेरा बंद ठेवून बरंच काही निभावतं.

आता सरांची गोष्ट. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी यांची महायुती होती. दर वीस वर्षांनी ते जवळ येतात, पण इतके जवळ १६२३ नंतर आले नव्हते. दुर्बिणीच्या एकाच नजरेत गुरूचे चंद्र आणि शनीची कडी, दोन्ही. आयुष्यात एकदा. त्या दिवशी रात्री सरांचा फोन आला. मी तो उचलला, कारण सरांचा होता. “काय गं, पाहिलीस का युती? मी घाटावर गेलो होतो. माझी द्विनेत्री साधी, मला दोन ठिपके दिसले. तुझ्या दुर्बिणीत कशी दिसली?”

दुर्बीण माळ्यावर चादरीत गुंडाळलेली होती. मी खिडकीचा पडदासुद्धा सारला नव्हता. मी म्हणाले, “हो सर, पाहिली.” आणि समोरच्या लॅपटॉपवर कोणीतरी टाकलेला फोटो होता, तो बघून वर्णन केलं. शनी वर, गुरू खाली, चंद्र असे रांगेत, कडी अशी तिरपी. सर पाच मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, “छान झालं. वहीत लिहून ठेव.”

फोन ठेवल्यावर मी खूप दिवसांनी रडले. युती चुकली म्हणून नाही. ज्या माणसाने मला सांगितलं होतं की जे दिसलं तेच लिही, त्याच्याशी मी न दिसलेलं बोलले होते. आणि दुसऱ्या दिवशी सरांनी ते शाळेच्या ग्रुपवर टाकलं, ‘आपल्या विद्यार्थिनीने स्वतः केलेल्या दुर्बिणीतून महायुती पाहिली.’ तुम्ही सगळ्यांनी टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पाडलात. त्यानंतर मी ग्रुपच बघणं बंद केलं.

पुढच्या वर्षी, पावसाळ्यात, एका रात्री मी नवऱ्याला सहज म्हणावं तसं म्हणाले, “मी नसले तरी तुमचं काही अडणार नाही.” त्याने टीव्ही बंद केला. पुन्हा विचारलं, “काय म्हणालीस?” आणि दुसऱ्या दिवशी तो मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्याने ते वाक्य हसण्यावारी नेलं नाही, म्हणून मी आज इथे उभी आहे.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२. थायरॉइड बिघडलं तरी माणूस असा गळून जाऊ शकतो, म्हणून ते आधी बघतात. माझं थायरॉइड ठीक होतं. मग त्यांनी मनोविकारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, ही डिप्रेशनची लक्षणं असतात, असं तिथे कळलं. माझे दोन आठवडे नव्हते, दीड वर्ष झालं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तुला कशाची कमी आहे गं?” मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तुझी मावशी अशीच बसून असायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो.” तेवढ्या एका वाक्याने मला फार हलकं वाटलं.

गोळी सुरू झाली. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी मी चौथ्या दिवशी विचारलं, “काही फरक नाही?” महिना-सव्वा महिन्याने झोप सुधारली. मग मी इंजिनिअर असल्याचं सिद्ध केलं. सिस्टीम चालू झाली ना, मग आता पॅच काढून टाकू, असं म्हणून दोन महिन्यांत स्वतःच गोळी बंद केली. तीन आठवड्यांत पुन्हा पंख्याकडे बघत पडलेली. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांची ब्लडप्रेशरची गोळी बीपी नॉर्मल आल्यावर तुम्ही बंद करता का?” मी पुन्हा सुरू केली आणि ते सांगेपर्यंत घेतली. गेल्या वर्षी त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत ती थांबली. परत लागली तर परत घेईन.

गोळीने मला पलंगावरून उठवलं. पण छंद गोळीने परत आला नाही. त्यासाठी समुपदेशक बाईंकडे जावं लागलं. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हणाले, “मला पूर्वी आकाश बघायची आवड होती. ती आवड परत आली की मी बघायला लागेन.” त्या म्हणाल्या, “आणि बघितल्याशिवाय आवड आलीच नाही तर?” मी निरुत्तर.

आपण सगळे असंच समजतो की आधी उत्साह येतो, मग माणूस काम करतो. धडधाकट असताना ते खरंही असतं. पण या आजारात उत्साह आधी येत नाही. आधी छोटीशी कृती करावी लागते, उत्साहाशिवाय, कोरडेपणाने, आणि मग कधीतरी त्यातून उत्साहाचा थेंब पडतो. बाईंनी मला एक तक्ता करायला लावला. रोज एक लहान गोष्ट. करण्याआधी लिहायचं, यातून किती बरं वाटेल, शून्य ते दहा. केल्यावर लिहायचं, प्रत्यक्षात किती वाटलं. माझी गोष्ट ठरली: गच्चीवर जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं. दुर्बीण नाही, वही नाही, यादी नाही. तारे ओळखायचेसुद्धा नाहीत.

पहिल्या दिवशी ढग होते. आधी शून्य लिहिलं होतं, नंतर एक लिहिलं. तो एक कसला होता सांगू? वर कोणाच्या तरी कुरडया वाळत घातलेल्या राहिल्या होत्या, त्यातली एक तोडून खाल्ली. दुसऱ्या दिवशी शून्य आणि शून्य. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, “मी येते.” ती आली आणि पाच मिनिटं मोबाईलवर बघत उभी राहिली. तेही चाललं. असे दोन महिने गेले. त्या तक्त्यात चारच्या वर आकडा नाही. पण जवळजवळ प्रत्येक ओळीत नंतरचा आकडा आधीच्या आकड्याहून एखाद्याने मोठा आहे. माझं मन मला रोज सांगत होतं, ‘काही उपयोग नाही,’ आणि रोज ते थोडंसं खोटं बोलत होतं. मी वीस वर्षं लॉग वाचून पगार घेतला आहे. लॉग काय सांगतो ते मला कळतं.

३ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी मी वही वर घेऊन गेले. नोंद अशी आहे: ‘सायं. ७.२०. पश्चिमेला बारीक चंद्रकोर. मृग. व्याध. रोहिणी. पाच मिनिटं.’ एवढंच.

मृगातला काक्षी हा तांबूस तारा माझ्या जुन्या ओळखीचा. त्याचं तेज कमी-जास्त होत असतं. नंतर वाचताना मला कळलं की २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो इतका मंद झाला होता की नुसत्या डोळ्यांनी फरक दिसत होता. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी त्याच्या नोंदी केल्या. त्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती, असं शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. माझ्या वहीत त्याची एकही नोंद नाही. यावरून काही सुंदर तात्पर्य काढता येईल, पण मी काढणार नाही. काक्षीला गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत. आणि जे चुकलं ते चुकलं. ते परत दिसत नाही, हे मान्य करणं हाही बरं होण्याचा भाग होता.

दुर्बीण मात्र माळ्यावरच होती. ती काढायला आणखी सात-आठ महिने गेले. दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याने ती खाली उतरवली आणि विचारलं, “विकायची का?” मी उत्तर द्यायच्या आत मुलगी म्हणाली, “यात पालीची अंडी आहेत.” खरंच होती. नळीत कोळिष्टकं, आणि मी साडेचार महिने घासलेल्या आरशावर धुळीचा थर. तो थर बघून मला राग आला. स्वतःचा नाही, धुळीचा. खूप दिवसांनी कशाचा तरी राग आला होता.

दुर्बिणीचा आरसा फडक्याने पुसत नाहीत. वरचा ॲल्युमिनियमचा मुलामा फार नाजूक असतो, धुळीच्या कणाने ओरखडे पडतात. आम्ही दोघींनी तो न्हाणीघरात बादलीजवळ तिरपा ठेवला. आधी नुसती पाण्याची धार, बराच वेळ. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने नुसता ओढायचा, दाबायचा नाही. प्रत्येक ओढीला नवा बोळा. शेवटी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, आणि उभा करून वाळू द्यायचा. मुलगी म्हणाली, “आई, तू मला अंघोळ घालताना एवढी काळजी घेत नव्हतीस.” मी हसले. ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या रात्री तिने बापाला सांगितलं, “आई आज मोठ्याने हसली.” मुलं मोजत असतात, हे लक्षात ठेवा.

पूर्ण बरी झाल्याची खूण मला कोणती वाटली, तेही सांगते. आजारात आभाळ आलं की मला सुटका वाटायची. बरं झालं, आता वर जावं लागणार नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी एक धूमकेतू दिसणार होता, त्सुचिन्शान-ॲटलस. परतीचा पाऊस काही केल्या हटेना. लागोपाठ तीन संध्याकाळी मी गच्चीवर, आणि पश्चिमेला काळे ढग. तिसऱ्या दिवशी मी इतकी वैतागले की खाली येऊन भांडी आपटली. आणि एकदम लक्षात आलं, अरे, आपल्याला हवं होतं. न मिळाल्याचा राग यायला आधी काहीतरी हवं असावं लागतं. चौथ्या दिवशी ढगांच्या फटीतून द्विनेत्रीने एक पुसटसा फराटा दिसला. हेल-बॉपच्या मानाने काहीच नाही. वहीत मी सरांचा नियम पहिल्यांदा मोडला. लिहिलं, ‘दिसला. फार आनंद झाला.’

मेसिएच्या यादीतले आता एक्याण्णव झालेत. शीट काढून टाकली आहे. शंभर कधी होतील माहीत नाही, नाही झाले तरी चालतील.

मित्रमैत्रिणींनो, भारतात झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार साधारण दर वीस माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं. या सभागृहात आपण दोनशेच्या आसपास आहोत. हिशेब तुम्हीच करा, गणिताचे सर बघताहेत. त्यामुळे ग्रुपवरून कोणी अचानक गप्प झालं, तर ‘शिष्ट झाली’ म्हणण्याआधी एकदा फोन करा. नाही उचलला तर महिन्याने परत करा. ‘सकारात्मक विचार कर’, ‘तुला काय कमी आहे’, ‘छंदात मन रमव’ हे सांगू नका; छंदात मन रमत नाही हाच तर आजार आहे. त्यापेक्षा ‘मी येते, आपण पाच मिनिटं चालू’ म्हणा आणि खरंच जा. आणि जो स्वतः यातून जातो आहे त्याने डॉक्टरांकडे जा. जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता शेवटचं. ती खोटी युती माझ्या मनात पाच वर्षं होती. काल संध्याकाळी वाईत पोचल्यावर मी आधी सरांच्या घरी गेले. म्हटलं, स्टेजवरून सांगण्याआधी त्यांना सांगायला हवं. सगळं सांगितलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मला माहीत होतं.”

मी म्हटलं, “कसं?”

“अगं, तू म्हणालीस शनी वर आणि गुरू खाली. नुसत्या डोळ्यांना तसं होतं. तुझ्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. तूच केलेली दुर्बीण, आणि तू सुलटं सांगितलंस. तेव्हाच समजलो की पोरीने बघितलेलं नाही.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? आणि ग्रुपवर कशाला टाकलंत?”

सर म्हणाले, “ज्या मुलीने आयुष्यात एक नोंद खोटी केली नाही, ती खोटं बोलतेय म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं कळलं. काय करायचं ते कळलं नाही. वाटलं, चार लोकांनी कौतुक केलं तर बरं वाटेल तुला. चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी सरळ एसटी पकडून यायला हवं होतं.”

सर, तुमचं काही चुकलं नाही. तेव्हा मी दारही उघडलं नसतं. पण तुम्हाला कळलं होतं, हे काल कळलं, आणि पाच वर्षांचं ओझं उतरलं.

दुर्बीण मी गाडीतून आणली आहे. रात्री जेवणं झाली की शाळेच्या मैदानावर, झेंड्याच्या कट्ट्याजवळ ती लावते. आज चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा आहे, त्याच्यावरचे खळगे छान दिसतील. पश्चिमेकडे शनी आहे. त्याची कडी यंदा आपल्याला जवळजवळ कडेने दिसताहेत, त्यामुळे नेहमीची ऐट नाही, सुईसारखी बारीक रेघ आहे. पूर्वेला गुरू वर येतोय, त्याचे चार चंद्र सगळ्यांना मोजता येतील. रांगेत पहिले सर उभे राहतील, मग बाई, मग आपण. कोणी ढकलाढकली करायची नाही, दुर्बिणीला हात लावायचा नाही.

आणि बघून झाल्यावर मला प्रत्येकाने सांगायचं, शनी वर दिसला की खाली. परीक्षा सर घेणार आहेत.